खाली बाबा, वर तू

न्यूनेन,
एप्रिलअखेरचा रविवार

प्रिय आत्या,

पाकीट बघून दचकू नकोस. आम्ही सगळे ठीक आहोत. दादा, स्वानंदीवहिनी, मी, कुणाला काही झालेलं नाही. हे आधी लिहिलं, कारण तू पत्र हातात घेऊन पहिल्यांदा तेवढंच शोधशील. फोन सोडून पत्र कशाला, तर बाबा फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवतात. मी आत्याला द्या म्हटलं तरी तो तिथून हलत नाही, आणि तू स्वयंपाकघराच्या दारातूनच "बरी आहे गं, तू जेवलीस का?" एवढं म्हणून आत जातेस. मेसेज केला असता, पण तुझे मेसेजही तेच वाचून दाखवतात, तुझ्या चष्म्याचं निमित्त करून. पत्र दुपारी येईल, तेव्हा ते झोपलेले असतील, असा हिशेब मी केला आहे. हे लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतंय. पण माझं तुला माहीत आहे, मला गॅस बंद केला की नाही ते बघायला जिना परत चढतानाही तसंच वाटतं.

दमले आहे आत्या. आजारी नाही, नुसती दमले आहे. आठवडाभर युनिव्हर्सिटीत डॉक्टरेटचं काम, आणि गेली दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवार टूनच्या शेडमध्ये. टून म्हणजे गावाबाहेरचा डच शेतकरी, त्याच्या शेडमध्ये दादानं गाडी बांधायला जागा घेतली आहे. गाडी आता झाल्यातच जमा आहे. रंग झाला, काचा बसल्या, इंजिन सुरू होतं आणि बंदही होतं, ज्याची मला जास्त काळजी होती. राहिलं आहे ते फक्त दारावर नाव घालायचं, आणि सगळं अडलं आहे ते त्या नावावर. दादाला 'दिनकर अँड सन' हवं आहे, आपल्या घाटातल्या गॅरेजच्या पाटीवर होतं तसंच, दिनकर म्हणजे अण्णाआजोबा आणि सन म्हणजे बाबा. आई-बाबा जूनमध्ये इकडे येणार, बाबांची सत्तरी, आणि त्या दिवशी गाडीवरची ताडपत्री काढायची असा बेत आहे. मला त्या दारावर नुसतं 'दिनकर अँड सन' नको आहे. का ते तुला सांगायला नको. तरी सांगणार आहे, कारण आपल्या घरात हे कुणी कधी मोठ्यानं बोललेलं नाही, आणि मला ते एकदा सलग लिहून बघायचं आहे.

ही गाडी कसली ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. बाबा म्हणाले असतील, पोरगा तिकडे आपली क्रेन बनवतोय. तशी ती आपली क्रेन नाही. आपली होती मिलिटरी डिस्पोजलची डॉज, आणि तसली डॉज दादाला इथे परवडेल अशी मिळाली नाही. मिळाली ती एक्कावन्न सालची शेव्हरोले, तीही पुढचा भाग आणि केबिन, मागे काहीच नाही, आणि केबिनमध्ये कोंबड्यांनी घर केलेलं. दादाला ती हॉट रॉड करायची होती. म्हणजे जुनी गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापून बुटकं करायचं, गाडी रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवायची, पुढे भलं मोठं इंजिन घालायचं आणि ते झाकायचं नाही, लोकांना दिसू द्यायचं. तू म्हणशील चांगली गाडी बिघडवायला एवढा खर्च? मीही तेच म्हटलं होतं. पण इथे असल्या गाड्यांचे मेळे भरतात, आजोबा झालेली माणसं फडकी घेऊन उभी असतात, आणि प्रत्येकाच्या गाडीला एक गोष्ट असते. कुणाच्या वडिलांचा दुधाचा धंदा होता म्हणून दुधाची गाडी, कुणाच्या काकाची बेकरी होती म्हणून पावाची. असल्या एका मेळ्यातून परत येताना दादा गाडीत एकदम म्हणाला, आपली तर क्रेन होती. त्या दिवशी त्याचा चेहरा बघून मी शनिवार देऊन बसले.

माझं काम म्हणजे तपासायचं. दादा आणि टून कापतात, जोडतात, आणि मी मागून प्रत्येक बोल्ट पुन्हा बघते. दादा चिडवतो की मी नटबोल्टमध्येही डॉक्टरेट करणार. मी टॉर्च काढला की टून कॉफी करायला जातो, कारण आता वेळ लागणार हे त्याला ठाऊक झालं आहे. त्यांना काय सांगू, की मी अंक शिकले तेच मुळी पान्यांवर. बालवाडीत मला दम्यामुळे घातलं नव्हतं आणि तू मला गॅरेजच्या ओट्यावर बसवून पाने मांडायला द्यायचीस. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. पुढे शाळेत बाईंनी नऊनंतर काय विचारलं तर मी अडले होते, कारण माझ्या डोक्यात नऊ हा आठच्या पान्याचं दुसरं टोक होता आणि दहा नवीन पान्यावर होता. बोल्ट आवळून झाला तरी हात पुन्हा एकदा फिरवायचा, हेही तुझंच. माझी ही सगळी शंकेखोरी तिथून आली आहे. तक्रार नाही करत. तिच्यावर मला इथे नोकरी मिळणार आहे बहुतेक.

दर रविवारी दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल असतो. तुला दिसतंच ते तिकडून, पण इकडून कसं दिसतं ते सांगते. बाबा आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. दादा वेल्डिंग झालेला भाग दाखवतो आणि बाबा सुरू करतात. उसाचा ट्रक कलंडला तेव्हा काय झालं, लग्नाच्या वऱ्हाडाची बस नाल्यात गेली तेव्हा नवरदेवालाच कसं धक्का मारायला लावलं, धुक्यात टँकर कसा काढला. गॅरेज बंद झाल्यानंतर इतक्या वर्षांत बाबांना मी असं बोलताना पाहिलं नव्हतं. एरवी ते फोनवर हवामान आणि गुडघेदुखी याच्यापुढे जात नाहीत. दादा तर पोटभर ऐकतो. त्याला पहिलीपासूनच मामाकडे पुण्याला ठेवलेलं, त्यामुळे घाट त्याच्या वाट्याला सुट्टीपुरता आला. सुट्टीत घरात पाहुणे असायचे आणि पाहुणे असले की तू स्वयंपाकघरात असायचीस. त्याला आत्या म्हटलं की ताक आठवतं. मला आत्या म्हटलं की ग्रीस.

आणि रविवारच्या त्या चौकटीत कधीतरी डावीकडून एक हात येतो. चहाचा कप ठेवतो आणि जातो. चेहरा येत नाही, नुसता हात, मनगटावरच्या भाजल्याच्या डागासकट. तो डाग सायलेन्सरचा आहे हे या टोकाला फक्त मला माहीत होतं.

बाबांची एक आवडती गोष्ट आहे ठोक्यांची. बाबा खाली दरीत, उलट्या ट्रकच्या पोटाखाली पडून साखळी अडकवणार. वर रस्त्यावर वाहतुकीचा एवढा आवाज की ओरडून काही पोचत नाही. मग ते वायररोपवर पान्यानं ठोकायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ, तीन म्हणजे सैल सोड. बाबा सांगतात, "मी दोन ठोके दिले, की गाडी हलायला लागलीच समजा." दादाला हे फार आवडतं. तो मेळ्यात सगळ्यांना हेच सांगणार आहे. प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकलं की मला डॉजची केबिन आठवते. मला आत बसवून तू काच वर करायचीस आणि सांगायचीस की काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. मागच्या खिडकीतून मला तू दिसायचीस. पदर कमरेला खोचलेला, वरून बाबांचाच जुना खाकी शर्ट, एक हात दोर गुंडाळणाऱ्या विंचच्या दांड्यावर आणि दुसऱ्या हाताची बोटं वायररोपवर टेकवलेली, डॉक्टर नाडी बघतात तशी. ठोके तू कानानं ऐकत नव्हतीस, बोटांनी ऐकत होतीस. तुझा चेहरा तेव्हा कुणासाठीच नसायचा. घरात तुझा चेहरा नेहमी कुणाच्या तरी समोर असायचा, तिथे तो नुसता तुझा होता. मी त्या वयात ते असं म्हटलं नसतं, पण बघत बसायचे.

मी बाबांना खोटं ठरवत नाही. हे मला तुझ्याशी बोलताना मुद्दाम सांगायचं आहे, कारण तू लगेच त्यांची बाजू घेशील. खाली जाणं सोपं नव्हतं. वरचा हात चुकला असता तर आख्खा ट्रक त्यांच्या अंगावर आला असता, आणि तरी ते शांतपणे खाली झोपायचे, म्हणजे त्यांना वरच्या हाताबद्दल शंका नव्हती. इतका विश्वास मी तरी आजवर कुणावर टाकलेला नाही. खाली बाबा, वर तू, असं ते काम होतं. एवढंच की बाबांना खालून वरचं दिसत नसे, आणि ते गोष्ट सांगतात तेव्हा फक्त त्यांना दिसलेलं सांगतात. आधी मला वाटायचं की वयामुळे विसरले. आता तसं वाटत नाही. मला वाटतं, त्यांनी ते कधी सांगायचंच नव्हतं, कारण अण्णांनी तसं ठरवलं होतं.

तू कराडच्या सासरहून परत आलीस तेव्हा मी जन्मले नव्हते. मला माहीत आहे ते आईनं तुटक तुटक सांगितलेलं. अण्णांनी गावात सांगितलं की पद्मजा माहेरपणाला आली आहे. पुढच्या वर्षीही तेच. पुढे कुणी विचारणं बंद केलं, पण आपल्या घरानं ते सांगणं बंद केलं नाही. मला आठवते ती खंडेनवमी. डॉजला धुऊन पुसून झेंडूची माळ, हुकाला हळदकुंकू, सगळी हत्यारं चटईवर मांडलेली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाही. पूजा झाली की अण्णा गॅरेजच्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन शर्टाचं कापड द्यायचे. बाबांनाही द्यायचे, इतर कामगारांसारखंच, रांगेत उभं करून. आणि तुला घरात, देवासमोर पाटावर बसवून, आजी ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. माहेरवाशिणीला जाताना भरतात तशी. तू ती पदरात घ्यायचीस, नमस्कार करायचीस, आणि कुठेच जायची नाहीस. दसऱ्याला सोनं वाटून झालं की परत शर्ट चढवून विंचवर. मी एकदा विचारलं होतं की आत्याला कापड का नाही. अण्णा म्हणाले, "पाहुण्यांना कोणी कामाचं कापड देतं का?" मला ते पटलं होतं. त्यात त्यांची माया होती हे आता मला कळतं. तुला नोकर म्हणायचं नव्हतं, आणि टाकलेली तर मुळीच म्हणू द्यायचं नव्हतं. मधलं काही नाव त्यांना सुचलं नाही, मग त्यांनी एवढी वर्षं तुला पाहुणी ठेवलं.

आता भांडणाचं सांगते. फेब्रुवारीत क्रेनचा सांगाडा उभा राहिला. सगळं बाबांच्या त्या एका फोटोवरून, ज्यात ते क्रेनला टेकून उभे आहेत आणि त्यांचा एक पाय विंचखालच्या लोखंडी पायरीवर आहे. दादानं सगळं हुबेहूब केलं आणि पायरी तेवढी गाळली. म्हणाला, गाडी इतकी खाली बसवली आहे, पायरीनं तिची रेघ बिघडते. मी विंच तपासायला म्हणून गेले. माझी उंची तुझ्याइतकीच. दांडा खालून फिरवत आणला तर वर जाताना तो माझ्या हातातून सुटत होता, चवड्यांवर उभी राहिले तरी. मी दादाला म्हटलं, पायरी लागेल. तो म्हणाला, तुला कशाला, विंच मी फिरवणार आहे. मी म्हटलं, "बाबा सहा फूट, अण्णा त्यांच्याहून उंच. मग मुळात पायरी कुणासाठी होती?" तो म्हणाला, "फोटो काढताना पाय ठेवायला." तो गमतीनं म्हणाला गं. पण थंडी होती, माझी बोटं बधिर झाली होती, आणि मला एकदम रडू आलं. टून कॉफी करायला निघून गेला. मी दादाला सगळं सांगितलं. तो खोक्यावर बसून ऐकत होता आणि शेवटी मला म्हणाला, "तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल. रविवारी बाबांनाच विचारतो."

त्या रविवारी काय झालं ते तुलाही माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण तू चौकटीबाहेर होतीस, म्हणून इकडून काय दिसलं ते लिहिते. दादानं सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, ते ठोके तुम्ही कुणाला द्यायचात?" बाबांनी डावीकडे बघितलं, म्हणजे कॅमेऱ्यात नाही, स्वयंपाकघराच्या बाजूला. मग म्हणाले, "असायचं की वर कुणीतरी." आणि तेवढ्यात तुझा हात आला, कप ठेवला. बाबांनी न बघता तो उचलला. त्यांना बघावं लागलंच नाही, कप जिथे असायला हवा तिथेच होता. पुढे त्यांनी विचारलं की तिकडे पाऊस आहे का. दादानं हो म्हटलं. पाऊस नव्हता.

फोन ठेवून दादा ओट्याशी गेला. मला वाटलं चिडेल. तो एवढंच म्हणाला, "मी तिला सुट्टीभर ताक मागत होतो." वहिनी म्हणाली, तुमच्या घरात गाडीला माळ घालतात आणि माणसाला कुणीतरी म्हणतात, अवघड आहे. पुढच्या शनिवारी मी शेडमध्ये पोचले तेव्हा पायरी जोडून झाली होती. त्यानं मला तिच्यावर उभं केलं आणि दांडा फिरवायला लावला. फिरला. मला वाटलं आता सुटलं सगळं.

पण नावाचं काढलं तर म्हणाला, "नाव राहू दे, ऋता. पायरी आहे ना. कळायचं त्याला कळेल. बाबांची सत्तरी आहे, ते एवढ्या लांबून येणार, त्यांच्याच समोर त्यांना खोटं पाडायचं का?" आणि आत्या, तो चुकीचं बोलत नव्हता. बाबा ताडपत्री निघताना कसे बघतील ते मलाही दिसतं. मलाही ते बिघडवायचं नाही. तरी त्या दिवसापासून मला झोप धड लागत नाही. उभं राहायला जागा द्यायची आणि नाव घालायचं नाही, हे आपण नवीन काय केलं? दादा-मी इतक्या लांब येऊन, दोन वर्षं खपून, शेवटी अण्णांचंच घर परत बांधलं असं वाटत राहतं. मी दोन महिने दादाशी यावर बोलते आहे. तो हळूहळू वळतो आहे, पण मी थकले आहे. एकाला दुसऱ्याचं मन समजावून सांगायचं काम मी या घरात लहानपणापासून करते आहे. आईचं बाबांना, बाबांचं दादाला. तुझं मात्र मी कुणालाच कधी समजावलं नाही, कारण तू कधी काही म्हणालीच नाहीस.

मागच्या आठवड्यात अक्षरं रंगवणारी बाई येऊन गेली. मार्लेन तिचं नाव, जुन्या दुकानांच्या पाट्या हातानं रंगवते. देवनागरी तिला येत नाही. म्हणाली, कागदावर जे असेल ते मी रेघन् रेघ उतरवीन, पण कॉम्प्युटरची अक्षरं देऊ नका, दारावर ती मेलेली दिसतात, माणसाच्या हाताची द्या. टूनला शेड मेअखेर रिकामी हवी आहे, त्याच्या पांढऱ्या शतावरीचा हंगाम भरात असेल, मजूर येतील. म्हणजे जे व्हायचं ते मेमध्येच. मार्लेन गेल्यावर दादा घरी गेला आणि मी मागे राहिले. एक कागद घेतला आणि 'पद्मजा' लिहिलं. माझ्या अक्षरात, चांगलं मोठं. ठरवलं की तिला परस्पर देऊन टाकायचा, नंतर ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. मग पुढे काय लिहायचं तिथे पेन थांबलं. दिनकर लिहू, की कराडचं नाव लिहू, जे आधार कार्डावर अजून आहे, की नुसतं पद्मजा? मला माहीत नव्हतं. तीस वर्षं तुझ्या मागेमागे फिरले आणि तू स्वतःला मनात कुठल्या नावानं हाक मारतेस ते मला माहीत नाही. तेव्हा कळलं की मी काय करायला निघाले होते. अण्णांनी तुला पाहुणी ठरवलं, बाबांनी कुणीतरी ठरवलं, दादानं पायरी ठरवलं, आणि मी नाव ठरवणार होते. तुला विचारलं कुणीच नसतं, मी धरून. तो कागद मी फाडला.

म्हणून हे पत्र. पाकिटात एक जाड कोरा कागद घातला आहे, आणि माझा पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट. तुला तुझं नाव त्या दारावर हवं असेल तर कागदावर लिही, तुला हवं तेच, हवं तसं, आख्खं किंवा अर्धं. सध्या अक्षर थरथरतं याची काळजी करू नकोस, ते तसंच रंगवलं जाईल. दादाला मी हे सांगितलं आहे. तो म्हणाला, आत्याचा कागद आला तर बाबांना मीच आधी फोन करीन, स्पीकर बंद करायला लावून, आणि ताडपत्रीखालून त्यांना काही अचानक दिसणार नाही. आणि तुला नको असेल, भावाचा तो दिवस तसाच राहू द्यायचा असेल, नाहीतर आता या वयात कुणी बघायलाच नको असं वाटत असेल, तर कागद कोरा पाठव. दार कोरं ठेवू, 'दिनकर अँड सन'ही नाही, हे दादानं कबूल केलं आहे. मी कारण विचारणार नाही आणि समजूतही घालणार नाही. फक्त आईकडून निरोप नको, आणि 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असं तर मुळीच नको. या वेळी तुझ्या वतीनं कुणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही. मी वाट बघते.

तुझीच,
ऋता